ऑस्ट्रियन चित्रकार गुस्ताव क्लिम्टचं ‘मेडिसिन’ हे चित्र रंगवायला घेताय?

पहिल्याच कामाला पूर्ण चित्र नको. मूळ कॅनव्हास साधारण 430 × 300 सेंटीमीटरचा होता. तुम्ही फक्त खालची हायजिया, म्हणजे ग्रीक आरोग्यदेवता, घ्या. 1945 मध्ये ऑस्ट्रियातल्या इमेनडॉर्फच्या गढीतल्या आगीत क्लिम्टने व्हिएन्ना विद्यापीठासाठी केलेली तिन्ही चित्रं, ‘मेडिसिन’सकट, गेली. उरले मुख्यतः कृष्णधवल फोटो, पण हायजियाची रंगीत छपाई आहे. लाल नि सोनेरी रंगाचा तेवढा तरी भरवसा.

बाकीच्या भागात खरी गोम आहे. त्या काळी फोटो काचेच्या पट्ट्यांवर काढत आणि त्यातल्या बहुतेकांना लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे फोटोत काळपट दिसतं ते मुळात लाल असू शकतं, आणि निळं उगाच फिकट वाटतं. म्हणून एक भाग रंगवून झाला की मोबाइलवर फोटो काढा, फोटो-एडिटिंग ॲपमध्ये त्यातला लाल चॅनल (लाल रंगाची माहिती) वगळा आणि करडी छटा जुन्या फोटोशी ताडून बघा. जुळली नाही तर रंग बदला. जुळली तरी रंग बरोबरच असेल असं नाही, हेही आलंच.

2021 मध्ये गूगलने संगणकाकडून केलेली रंगीत आवृत्ती जरूर पाहा, पण डोळे झाकून उतरवू नका. मला ती जरा भडकच वाटते. सोन्याचा वर्ख शेवटी लावा. आणि मागे ‘प्रतिकृती’ असं ठळक लिहा.