सायकलींसाठी वर्गणी काढताय? आधी एवढं बघा

भाऊ, लांबून पायी शाळेत येणाऱ्या मुलींना पहिल्याच वर्षी १०० सायकली द्यायच्या म्हणता, ऐकून बरं वाटलं. पण आधी १० द्या. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या डोंगरात नको, तिथे चढच जास्त. शहादा-तळोद्याच्या सपाटीवरची एक शाळा धरा आणि कोणती मुलगी किती लांबून पायी येते ते गुरुजींसोबत जाऊन बघा. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून ८वी ते १२वीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. त्या यादीतून सुटलेल्या मुली आधी घ्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे: फक्त सायकलीच्या किमतीपुरते पैसे जमवतात. मीही तेच केलं. आपल्याकडे बाभळीचे काटे, आणि पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अशी बसते की काडीने उकरल्याशिवाय चाक फिरत नाही. दिवाळीपर्यंत निम्म्या सायकली ओट्याला टेकून उभ्या होत्या. आता दर सायकलीमागे दोन ट्यूब आणि पंक्चरचं सामान धरतो. हवेचा पंप शाळेत ठेवतो.

बाकी थोडक्यात:

- गिअरची नको. साधी, कॅरिअरवाली घ्या. गावातल्या मिस्त्रीला दुरुस्त करता आली पाहिजे.
- घरच्यांकडून थोडा वाटा घ्या, हप्त्याने चालेल.
- वर्गणी आखाजीला (अक्षय तृतीयेला) मागा, सुरत-पुण्याची माणसं तेव्हा गावी असतात. प्रत्येकाला पावती द्या.

ट्रस्ट, कंपन्यांचा निधी हे पुढच्या वर्षी बघू. शाळा जूनमध्ये उघडते, त्याआधी मुलींची यादी हातात हवी. झाली की कळवा, मी येतो.