कंपासपेटीतला फास्टॅग

वाचक विचारतात : गाडी, रस्ता आणि टोलनाका

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, मुक्काम अमळनेर. गाडी 2017 ची, वर्षभर गाव सोडत नाही म्हटले तरी चालेल. मात्र लेक सुरतेला उधन्यात दिली आहे, त्यामुळे वर्षातून तीन-चार वेळा तिकडे जाणे होते आणि एखादी फेरी इंदूरला साडूंकडे. मुलगा न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, तिकडे एका राज्याचा टॅग दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही, गुजरातचा वेगळा लागतो का ते आधी विचारा. शेजारी म्हणतात, वार्षिक पास काढून मोकळे व्हा. बँकेतला माणूस म्हणतो, जुना टाका, आमचा घ्या. सध्याचा टॅग डिसेंबर 2020 चा आहे. काच खराब होते म्हणून मी तो चिकटवलेला नाही, कंपासपेटीत ठेवतो. नाका आला की आमची मंडळी तो काढून कॅमेऱ्याला दाखवते. गेल्या वर्षी टोलचे एकूण 1,640 रुपये गेले, वहीत टिपलेले आहेत. नेमका कोणता टॅग घ्यावा?

उत्तर : गुरुजी, आधी ती कंपासपेटी रिकामी करा. बाकीचे मग बोलू.

धुळ्यात माझे ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान तीस वर्षे चालले. शेवटची काही वर्षे दुकानात एका बँकेचे टॅगही विकले. कंपासपेटीवाले तुम्ही पहिलेच, पण सनग्लासेसच्या डबीत, पासबुकात, एकाने तर देवाच्या फोटोमागे ठेवलेला टॅग मी पाहिला आहे. हातात धरून दाखवायच्या टॅगला नाक्यावर ‘लूज टॅग’ म्हणतात. 2025 च्या जुलैपासून महामार्ग प्राधिकरणाने असे टॅग सापडले की कळवायचे आणि काळ्या यादीत टाकायचे, असे धोरण ठेवले आहे. आणि वहिनी तो कॅमेऱ्याला दाखवतात, पण वाचणारा कॅमेरा नसतोच. वर लावलेला रीडर रेडिओ लहरी सोडतो आणि टॅगमधली चिप त्या लहरींच्याच जोरावर आपला नंबर कळवते. तिला बॅटरी नसते. आतल्या बाजूने, आरशामागे, काचेच्या मधोमध लावा. काचेला काही होत नाही. उलट सूर्य डोक्यावर असताना डॅशबोर्डवर कंपासपेटी तापते तशी काच तापत नाही.

आता मुलाची शंका. त्याच्यापुरती ती बरोबरच आहे. न्यू जर्सीचा ईझी-पास पूर्वेकडच्या बऱ्याच राज्यांत चालतो, फ्लोरिडातही आता घेतात, पण कॅलिफोर्नियात गेले की तिथला फास्ट्रॅक लागतो. त्यामुळे तिकडे अधूनमधून परराज्यात जाणाऱ्याला कोणता टॅग घ्यावा, हा खरोखरच विचार करण्यासारखा प्रश्न आहे. आपल्याकडे तो प्रश्न संपलेला आहे. टॅग कोणत्याही बँकेचा असो, मागची यंत्रणा एकच, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची. लळिंगला जो टॅग वाचला जातो तोच सोनगडजवळच्या मांडळच्या नाक्यावर वाचला जातो, तोच सेंधवा उतरून इंदूरकडे जाताना. गुजरातचा वेगळा, मध्य प्रदेशचा वेगळा असे काही नाही. शिवाय गुजरातने 2016 च्या 15 ऑगस्टपासून आपल्या राज्य महामार्गांवर मोटारींना टोल माफ केला आहे. तुमचे पैसे तिकडे जातात ते राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांवर.

दुसरा टॅग जवळ असू द्यावा, असेही बरेच जण म्हणतात. तो नाद सोडा. ‘एक वाहन, एक फास्टॅग’ हा नियम 2024 पासून लागू आहे. नव्या बँकेचा टॅग त्या नंबरावर चढला की जुना आपोआप मरतो. लोक नवा घेतात, चिकटवतात जुनाच, आणि नाक्यावर भांडतात.

मग निवड कशाची करायची? वर्षात चार वेळा वापरल्या जाणाऱ्या टॅगचा शत्रू टोल नाही, पडून राहणे हा आहे. माझाच अनुभव ऐका. डिसेंबर 2024 मध्ये मुलाची गाडी घेऊन शिरपूरकडे निघालो. ती आठ महिने अंगणात उभी होती. निघण्याआधी ॲपमध्ये पाहिले, शिल्लक सहाशेच्या वर. डिक्कीत भरताची वांगी, मन निवांत. सोनगीरच्या नाक्यावर दांडी काही वर जाईना. मागे ट्रकांचे हॉर्न. खिडकीतला पोरगा स्क्रीनकडे बघून म्हणाला, “काका, पैसा शेतस, पन टॅग बंद शे.” केवायसी, म्हणजे बँकेची ओळखपत्रांची पडताळणी, राहिली होती. बँकेने त्याचा निरोप कधीतरी पाठवला असेल, पण मुलाच्या जुन्या नंबरावर, जो त्याने पुण्याला गेल्यावर बदलला. रोख दुप्पट भरले. वांगी ज्यांच्याकडे न्यायची होती त्यांनी विचारले, एवढा उशीर का? मी ट्रॅफिक म्हणालो. तीस वर्षे दुकानदारी केलेल्या माणसाने केवायसी विसरलो असे कसे सांगायचे!

त्यावरून शिकलो ते असे की शिल्लक आणि टॅग चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिल्लक संपली तर फारसे बिघडत नाही. राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांना टॅगची त्या क्षणाची स्थिती दिसते, रांगेत उभ्या उभ्या पैसे टाकले तरी चालते. काही राज्य महामार्गांवर मात्र जुनी व्यवस्था आहे, तिथे यादी थोड्या थोड्या वेळाने ताजी होते, म्हणून घरून निघतानाच भरलेले बरे. केवायसीचे तसे नाही. ती नाक्यावर होत नाही.

म्हणून माझे उत्तर : तुमचे पेन्शन ज्या बँकेत येते, तिचाच टॅग घ्या. ती बँक टॅग देत असेल तर, एवढीच अट. कॅशबॅक, कूपन, पेट्रोलवर सूट, हे सगळे रोज फिरणाऱ्यासाठी. तुमची केवायसी तिथे आधीच आहे, मोबाइल नंबर तोच आहे, आणि शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली की खात्यातून आपोआप भरली जाईल अशी सोय लावून घेता येते. सगळ्यात मोठे म्हणजे बिनसले तर स्टेशन रोडला जाऊन समोर बसून बोलता येते. 2024 च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेच्या कारवाईनंतर एका पेमेंट बँकेच्या टॅगमध्ये पैसे भरणेच बंद झाले, तेव्हा फोनवरून टॅग मागवलेले कितीतरी लोक माझ्या दुकानात येऊन विचारत होते, आता कुठे जायचे? ते शाखा शोधत होते आणि शाखा कुठेच नव्हती.

तुमचा डिसेंबर 2020 चा टॅग पाच वर्षांपुढे गेला आहे. पाच वर्षांपेक्षा जुने टॅग बदलायला सांगतातच, तेव्हा बँकेतल्या माणसाचे ‘जुना टाका’ हे खरे, पण त्याची बँक तुमच्या पेन्शनची आहे का, ते बघा. टॅगचे शंभर रुपये, वर अनामत आणि सुरुवातीची शिल्लक. जुना बंद करताना त्याची अनामत आणि उरलेले पैसे मागून घ्या, हक्काचे आहेत. नवा टॅग आरसी बुकातल्या गाडी नंबरावर नीट चढला आहे का, पाहा. एका आकड्याची चूक महिनोन्महिने कळत नाही.

वार्षिक पास तुमच्यासाठी नाही. 15 ऑगस्ट 2025 ला तो सुरू झाला तेव्हा 3,000 रुपयांत वर्षभर किंवा 200 फेऱ्या, यातले जे आधी संपेल ते, असा हिशोब होता. एक नाका ओलांडला की एक फेरी, परत आलात की दुसरी. भाग दिला तर फेरीला 15 रुपये पडतात, म्हणून शेजाऱ्यांना स्वस्त वाटतो. पण तुमच्या वहीत 1,640 लिहिले आहेत, गुरुजी. वहीचे ऐका. तो पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, समृद्धी किंवा मुंबई-पुणे द्रुतगतीवर नाही, हेही शेजाऱ्यांना सांगा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ॲप उघडून टॅगसमोर ‘ॲक्टिव्ह’ लिहिले आहे का, ते पाहा. एवढे करूनही नाक्यावर अडलात तर रोख काढू नका. टॅग नसला किंवा चालला नाही तर रोखीने दुप्पट, पण यूपीआयने सव्वापट, असा नियम 15 नोव्हेंबर 2025 ला आला. शंभराच्या जागी 200 की 125, एवढा फरक. आणि तुमचा टॅग चांगला असून त्यांचाच रीडर बिघडला असेल तर पैसे न देता जाऊ द्यावे असा नियम आहे. शून्य रकमेची पावती मागा. ऐकले नाही तर 1033 या महामार्गाच्या हेल्पलाइनला फोन लावा.

(एकट्याने जायचे असेल तेव्हा रेल्वेनेच जा. अमळनेरला बसायचे, उधन्याला उतरायचे. कोंडाईबारीच्या घाटात ट्रकांच्या मागे बसण्यापेक्षा बरे.)

प्रश्न : भुसावळहून रोज जळगावला नोकरीला जातो, नशिराबादचा नाका मधे पडतो. वार्षिक पास घेऊ का?

उत्तर : आधी हिशोब करा. महिन्याला 25 दिवस म्हणजे 50 फेऱ्या. 200 फेऱ्या चार महिन्यांत संपतील. तुमचा पत्ता नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत असेल तर खासगी गाडीसाठी स्थानिक मासिक पास मिळतो, साधारण साडेतीनशे रुपयांत, फेऱ्यांची मोजदाद नाही. चार महिन्यांचे 1,400 झाले. आधार आणि आरसी घेऊन नाक्याच्याच ऑफिसात जा.

प्रश्न : शहाद्याला गाडीची काच फुटली. मेकॅनिक म्हणतो, ब्लेडने टॅग काढून नव्या काचेला लावून देतो. चालेल का?

उत्तर : नाही. काढताना तो फाटावा असाच बनवलेला असतो. त्याच बँकेकडून बदली टॅग मागा, शिल्लक तिथेच राहते. फुटलेल्या काचेचा फोटो काढून ठेवा, विम्यालाही लागेल.