प्रोसेसरमधला कॅशे सांभाळतं कोण?

प्रश्न : रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातल्या) 'सेकंडलेव्हलडेटाकॅशे'मध्ये एल२ कॅशेचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या दुसऱ्या पातळीच्या झटपट साठ्याचा, आकडा भरला की विंडोज वेगाने चालतं, असं व्हिडिओत पाहिलं. भरू का?

नका भरू. तिथलं शून्य म्हणजे कॅशे बंद, हा समज साफ चुकीचा आहे. शून्य असलं की विंडोज कॅशेचा आकार थेट हार्डवेअरकडून विचारून घेतं. मुळात कॅशेत काय ठेवायचं नि काय काढायचं, हे प्रोसेसरमधलं सर्किटच ठरवतं. एल१मधून, म्हणजे सगळ्यात जवळच्या कॅशेतून, डेटा चार-पाच क्लॉक सायकलींत (प्रोसेसरच्या ठोक्यांत) मिळतो. तेवढ्यात ऑपरेटिंग सिस्टीमला विचारत बसायला वेळच नसतो.

प्रश्न : लिनक्सवर 'फ्री' कमांड 'बफ/कॅशे' ६ जीबी दाखवते. माझ्या प्रोसेसरचा कॅशे तर १२ एमबी!

तो पेज कॅशे, म्हणजे डिस्कवरच्या फायलींचा रॅममधला साठा. प्रोसेसरचा कॅशे 'एलएससीपीयू' दाखवेल.

प्रश्न : मग ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात काय उरलं?

बरंच, आणि तेच जोखमीचं आहे. अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत चालून गेलेल्या टास्कचा डेटा अजून त्या कोअरच्या (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणनाकेंद्राच्या) कॅशेत असेल, असं लिनक्सचा शेड्युलर, म्हणजे कुठलं काम कुठल्या कोअरवर चालेल हे ठरवणारा भाग, धरतो आणि त्याला सहसा दुसऱ्या कोअरवर हलवत नाही.

पत्त्यांचा कॅशे, म्हणजे टीएलबी (प्रोग्रामचा पत्ता रॅममध्ये नेमका कुठे, याच्या नोंदी), ही तर मोठीच जबाबदारी. एखादं पेज (मेमरीचा ठरावीक तुकडा) प्रोग्रामकडून काढून घेतलं की त्याची जुनी नोंद पुसायला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, इतर कोअरना इंटरप्ट (हातातलं काम थांबवायचा इशारा) पाठवतो. हे राहून गेलं, तर ते पेज दुसऱ्याला दिल्यावरही जुना प्रोग्राम त्यात लिहीत राहील. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली सुरक्षा-त्रुटी उघड झाल्यावर कर्नलची पेज टेबलं (पत्त्यांचे तक्ते) वेगळी करावी लागली, त्यामुळे प्रत्येक सिस्टीम कॉलला (प्रोग्राम कर्नलकडे काम मागतो तेव्हा) टेबल बदलणं आलं. ज्या प्रोसेसरांत टीएलबीच्या नोंदींना पीसीआयडीचा (नोंद कुठल्या टेबलाची, हे सांगणाऱ्या क्रमांकाचा) शिक्का असतो, तिथे दरवेळी सगळ्या नोंदी पुसाव्या लागल्या नाहीत. हा शिक्का नसलेल्या जुन्या यंत्रांना मात्र फटका जास्त बसला.

प्रश्न : माझ्या प्रोग्रामचे दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे दोन प्रवाह), दोघांचे काउंटर वेगळे, एकमेकांना थांबवणारं लॉक नाही. तरी एका थ्रेडपेक्षा हळू का?

काउंटर शेजारी-शेजारी असणार. कॅशेची हालचाल बाइटने नाही, अख्ख्या ओळीने होते. इंटेल-एएमडीवर ती ६४ बाइटची. आठ बाइटचे दोन्ही काउंटर एकाच ओळीत आले, की प्रत्येक लिखाणाला ती ओळ एका कोअरकडून दुसऱ्याकडे जाते. इथे ऑपरेटिंग सिस्टीम काहीच करू शकत नाही. काउंटरांमध्ये ६४ बाइटचं अंतर ठेवा. ॲपलच्या एम१वर ओळ १२८ बाइटची आहे, तिथे तेवढं. नेमकी कुठली ओळ भांडणात आहे, हे लिनक्सवर 'पर्फ सी२सी' दाखवतं.