पन्हळ साफ करायचे सात हजार?

प्रश्न : मी 61 वर्षांचा, निवृत्त, डोंबिवलीत राहतो. संगमेश्वर तालुक्यात आमचं वडिलोपार्जित कौलारू घर आहे. छप्पर साधारण 1,100 चौरस फुटांवर आहे. आम्ही मे महिन्यात आणि गणपतीला जातो, एरवी घर बंद. पागोळ्यांचं पाणी भिंतींवर उडतं म्हणून पाच वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंना पन्हळ बसवली, पण आंबा-फणसाच्या पाल्याने ती भरते. एक कंत्राटदार मेच्या मध्यात आणि ऑक्टोबरात अशा दोन सफायांचे मिळून 14,000 रुपये मागतो. दोन माणसं, एक दिवसाचं काम. गावात गड्याचा रोज 900 आहे. धाकटा भाऊ म्हणतो, पैसे कशाला घालवायचे, आपणच चढू. जावई म्हणतात, एक एफडी सुटतेच आहे, त्यातले 65,000 घालून पन्हळीवर जाळी बसवा, दहा वर्षं बघायला नको. काय करू?

उत्तर : जाळी नको, भावाबरोबर शिडीवर चढणं तर अजिबात नको, आणि कंत्राटदाराला चौदा हजारही नकोत. त्याला सात द्या, पण त्याने सांगितलेल्या तारखांना नव्हे.

आधी पाण्याचा हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं छप्पर चौरस मीटरात 102 भरतं. तुमच्याकडे जुलैत एका दिवसात 100 मिलिमीटर पडला तर गावात कुणी त्याची चर्चाही करत नाही. तेवढ्यात छपरावरून दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर उतरतो. पन्हळीच्या तोंडाशी पाला बसला की हे पाणी पाइपात न जाता काठोकाठ साचतं आणि मागे कौलांखाली शिरतं. पागोळ्या निदान अंगणात पडत होत्या. चोंदलेल्या पन्हळीपेक्षा पन्हळ नसलेली परवडली.

माझ्या मावशीच्या घरी हे पाहिलंय. पडवीच्या कोपऱ्यात भिंतीवर फक्त तळहाताएवढा ओला डाग होता. सुतार वर चढला, खालच्या ओळीची चार कौलं काढली आणि वाशाच्या टोकात पेचकस टोचला. खरवसात जावा तसा आत गेला. पन्हळीच्या तोंडाशी सापडलं काय, तर माडाच्या झावळीचा एक तुकडा आणि त्यावर बसलेला दोन वर्षांचा चिखल. तीन वासे, रीपा, वर वाळवीचा बंदोबस्त. तेव्हापासून पन्हळ साफ करायच्या खर्चाला मी किरकोळ म्हणत नाही.

आता जावयांची जाळी. 14,000 गुणिले दहा वर्षं म्हणजे 1,40,000, त्यासमोर 65,000 एकदाच, असा त्यांचा हिशेब असणार. दिसायला चोख आहे. पण जाळी पान अडवते, मोहोराचा चुरा आणि धूळ अडवत नाही. शिवाय अडलेली ओली पानं जाळीवरच चिकटून बसतात आणि पाणी पन्हळीत न पडता वरून उडी मारतं. म्हणजे वर्षातून एकदा तरी माणूस चढवावाच लागणार. एफडीचा दर साडेसहा टक्के आणि जाळीचं आयुष्य दहा वर्षं धरलं, तर 65,000 ची जाळी तुम्हाला बुडालेल्या व्याजासकट वर्षाला साधारण 9,000 ला पडते. त्यात एका सफाईचे 7,000 मिळवा. सोळा हजार झाले. बिनजाळीचं कंत्राट चौदाचं होतं.

भावाचं म्हणणं थोडक्यात निकालात काढतो. शेवाळलेल्या कौलावर साठीतला पाय घसरला तर हाड एकाचं मोडतं आणि सहा महिने अख्ख्या घराचे जातात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूला 2 लाख देते, पण नुसता पाय मोडला तर त्यातून दमडी मिळत नाही. (तरीही तुमचं आणि वर चढणाऱ्या गड्याचं नाव त्यात आहे का ते बघा. 18 ते 70 वयाला मिळते आणि तिचं वर्ष 1 जूनलाच सुरू होतं. मुहूर्त अगदी जुळतो.)

राहिला कंत्राटदार. त्याचे सात हजार फोडून पाहा. दोन गड्यांचा रोज 1,800. शिडी, गाडी, फुटलेल्या कौलांची बदली मिळून आणखी हजार-बाराशे धरा. उरलेले चारेक हजार कशाचे? तुम्ही तिथे नसण्याचे. माणसं जमवायची, वर चढवायची, काम झालं की नाही ते बघायचं, हे तुमच्याऐवजी तो करतो. त्यात वावगं काही नाही. पण मे महिन्यात तुम्ही स्वतः ओट्यावर आंबे खात बसलेले असता. तेव्हा स्वतःच्या गैरहजेरीचे पैसे का द्यायचे? झाडावरचे आंबे उतरले की, मेच्या शेवटच्या आठवड्यात, गावातलेच दोन गडी रोजावर लावा. मेच्या मध्यात साफ केलेली पन्हळ वळवाच्या एका वादळात पुन्हा भरते, तेव्हा मृगाच्या जितकं जवळ जाल तितकं बरं. फुटकी कौलंही त्याच दिवशी बदलून घ्या. तीन हजारांत आटोपेल.

ऑक्टोबरातली सफाई कंत्राटदाराच्या सोयीची आहे, घराच्या नाही. पाऊस संपल्यावर पन्हळ साफ करून कुणाचं भलं होणार? दुसरी सफाई हवी जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, आर्द्रा सरता सरता, पहिली उघडीप मिळेल तेव्हा. जूनच्या वाऱ्यांनी पाडलेला सगळा पाला तोवर पन्हळीत आलेला असतो आणि मोठा पाऊस अजून पुढे असतो. गणपतीला जाऊन बघू म्हणाल तर वासे भिजून झालेले असतील. पण नेमकं जुलैतच गावात गडी मिळत नाही, सगळे लावणीच्या चिखलात. तुम्ही डोंबिवलीत. इथे कंत्राटदाराचे सात हजार वाजवी आहेत, घासाघीस फार करू नका. नुसत्या सफाईसाठी पावसाळी वेळापत्रकाच्या गाडीने दोघांनी जाऊन-येऊन आणि तिथे माणसं शोधत हिंडून फारसं वाचणार नाही.

दोन्ही मिळून दहा हजार. घरपट्टी, वीजबिल आणि एखादी किरकोळ दुरुस्ती धरून गावच्या घरासाठी महिना 1,500 चं आवर्ती ठेव खातं उघडा आणि भावाकडून निम्मा वाटा घ्या. चढायची तयारी होती त्याची, 750 रुपयांना नाही म्हणणार नाही. सुटणारी एफडी आहे तशी पुन्हा ठेवा.

घराच्या विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. भारत गृह रक्षा पॉलिसीत वादळ, पूर, वीज पडणं हे धोके नावानिशी आहेत. पाऊस झिरपून हळूहळू कुजलेला वासा त्या यादीत बसत नाही. पॉलिसी घेणार असाल तर घर वर्षातले बहुतेक दिवस बंद असतं हे अर्जातच लिहा.

जुलैच्या कामाचे पैसे आगाऊ देऊ नका. साफ पन्हळीचे फोटोही मागू नका, ते गेल्या वर्षीचे असले तरी तुम्हाला कळणार नाही. माणसाने व्हिडिओ कॉल लावायचा, पन्हळीच्या वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओतायचं आणि ते खाली पाइपातून धो-धो बाहेर येताना दाखवायचं. दोन्ही बाजूंचं दाखवून झालं की तिथल्या तिथे पैसे पाठवून द्या.