ऑनलाइन नोटेशन-संग्रहात संगीतकाराचं नाव दिलं की पुरे का? अरेंजर आणि संपादकाचंही द्यावं लागतं का?

तुम्ही विचारलंय, जुन्या पियानो नोटेशनच्या पीडीएफ चढवताना नुसतं 'बाख' लिहिलं तर भागेल ना? नाही भागत. मला हे एका विद्यार्थिनीच्या प्रिंटआउटमुळे कळलं.

ती बाखचा सी मेजर प्रिल्यूड घेऊन आली, 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर'मधला पहिलाच, 1722 चा. माझ्या पुस्तकात 35 बार (नोटेशनमध्ये उभ्या रेघांनी पाडलेले खण), तिच्या कागदावर 36. बाविसाव्या बारनंतर आमची गाडी रोज घसरायची आणि मी तिलाच दटावायचो. (आता लाज वाटते.) तो जादा बार बाखचा नाहीच. तिथे बास, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, एफ शार्पवरून थेट ए फ्लॅटवर उडी मारतो. हॅम्बुर्गचे संगीतकार श्वेंके यांच्या हस्तलिखित प्रतीत या दोहोंच्या मधे एक बार सापडतो. त्यांना ती उडी खटकली असावी. पियानो-शिक्षक चेर्नीने आपल्या संपादित आवृत्तीत तो ठेवला. 1853 मध्ये फ्रेंच संगीतकार गुनोने याच प्रिल्यूडवर आपली सुरावट चढवली, तीही त्या बारसकट. चर्चमधल्या लग्नात 'आव्हे मारिया' म्हणून ऐकतो ती हीच. तिच्या पीडीएफवर 'संपादन: चेर्नी' एवढं असतं तरी आमचे दोन आठवडे वाचले असते.

म्हणून नावासोबत काम लिहा. मूळ रचना कुणाची, कुठल्या वाद्यांसाठी कुणी बसवली, बोटांचे आकडे, स्लर (सूर जोडून वाजवायची कमान), पेडलच्या खुणा कुणी घातल्या. तुम्ही फक्त म्युझस्कोरसारख्या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं असेल तर स्वतःला संपादक म्हणवू नका, 'टंकन' लिहा. स्कॅन असेल तर पानाच्या तळाशी छापलेला बारीक प्लेट नंबर (छपाईच्या पत्र्याला प्रकाशकाने दिलेला क्रमांक) टिपून ठेवा. मुखपृष्ठ हरवलेलं असलं तरी त्यावरून प्रकाशक आणि आवृत्ती बऱ्याचदा सापडते.

संगीतकाराचं नावही डोळे झाकून लिहू नका. शिकाऊ मुलं वाजवतात तो जी मेजर मिन्युएट बाखच्या बायकोच्या 1725 च्या वहीत आहे, पण रचना पेट्झोल्ड या दुसऱ्याच संगीतकाराची. हे 1970 च्या दशकात उजेडात आलं. लोक अजून बाख म्हणूनच शोधतात, तेव्हा 'पेट्झोल्ड (पूर्वी बाखच्या नावावर)' असं लिहिलं की दोन्ही नावांनी शोधणाऱ्यांची सोय होते.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे अरेंजमेंट हे 'रूपांतर' धरलं जातं आणि हक्क अरेंजरच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो (1990 च्या दशकापूर्वी 50 वर्षं). मुसॉर्गस्की 1881 मध्ये गेले, पण त्यांच्या 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' या पियानो-रचनेचं ऑर्केस्ट्रेशन करणारे रॅव्हेल 1937 मध्ये. म्हणजे तेव्हाच्या 50 वर्षांच्या मुदतीने ऑर्केस्ट्राची प्रत भारतात 1987 संपेपर्यंत मोकळी नव्हती. रॅव्हेलचं नाव गाळलं तर हा हिशोब कुणी करायचा?

आणि अरेंजरला गाळण्याची सवय आपल्याला जुनीच आहे. हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा उभा करणारे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोयंकार अरेंजरांची नावं पडद्यावर दिसली तरी बहुधा 'सहायक' म्हणून.

संपादक सापडलाच नाही तर 'संपादक अज्ञात' लिहा, जागा रिकामी सोडू नका. माझी विद्यार्थिनी अजून 36 बारच वाजवते, तिला तो बार आवडतो. त्याच्यावर मी पेन्सिलीने 'श्वेंके' लिहून दिलंय.