ऑपरेशन नको म्हणताय? स्लिप डिस्कचे प्रश्न, डिचोलीपासून काणकोणपर्यंत

यावेळी सगळे प्रश्न कमरेच्या डिस्कचेच घेतलेत, कारण इनबॉक्स त्यानेच भरलाय. नावं काढलीत, गाव आणि वय तेवढं ठेवलंय. आणि हो, मी इथे बसून कुणाचं निदान करत नाहीये, तुम्हाला हात लावून तपासणारा डॉक्टर वेगळा, त्याला हे वाचून चार प्रश्न नीट विचारता आले तरी पुष्कळ झालं.

डिचोली, वय ३८ : वेर्ण्याला फॅक्टरीत पॅकिंगला आहे. तीन आठवड्यांपूर्वी बॉक्स उचलताना कमरेत कळ आली, दुसऱ्या दिवसापासून डावा पाय पोटरीपर्यंत जळतोय. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये) एक्सट्रूजन लिहिलंय. एक डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करून मोकळे व्हा. डिस्क आपोआप आत जाते का?

आत जात नाही हो, पण नाहीशी होऊ शकते आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. डिस्कच्या आत मऊ गर असतो, बाहेरून चिवट कडं असतं. कडं फाटून गर बाहेर आला की शरीर त्याला परकं समजतं, कारण त्या गराला कधी रक्तपुरवठा नव्हताच, आपल्या पांढऱ्या पेशींनी तो कधी बघितलेलाच नसतो. मग त्या येतात आणि हळूहळू तो खाऊन टाकतात. आता गंमत बघा, जितकी डिस्क जास्त बाहेर आलेली तितकी ती आटायची शक्यता जास्त. २०१५ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली त्यात तुटून सुटा झालेला तुकडा ९६ टक्के लोकांत लहान झाला किंवा गेला, एक्सट्रूजन, म्हणजे कडं फाटून गर बाहेर आलेला, ७० टक्के, प्रोट्रूजन, म्हणजे गराने कडं बाहेर ढकललंय पण ते पूर्ण फाटलेलं नाही, ४१ टक्के आणि नुसता बल्ज, म्हणजे डिस्क सगळीकडून थोडी फुगलेली, फक्त १३ टक्के. म्हणजे रिपोर्टमधला जो शब्द वाचून तुम्ही घाबरलात तो खरं तर तुमच्या बाजूचा आहे.

दुखतंय ते नुसतं दाबामुळे नाही, गरातून जी केमिकल्स सुटतात त्यांनी नस सुजते म्हणून जळतं, ती सूज उतरली की डिस्क तिथेच असूनही पाय शांत होतो. बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत चांगला फरक पडतो. तुमचे तीनच झालेत.

ऑपरेशनला मी नावं ठेवत नाहीये. नेदरलँड्समध्ये २८३ पेशंट घेऊन केलेला अभ्यास २००७ साली आला, सगळ्यांना दीड ते तीन महिने पायात जोरात कळा होत्या. अर्ध्यांना लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना थांबून उपचार. ऑपरेशनवाल्यांचा पाय लवकर सुटला हे खरं, पण वर्षानंतर दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे झाले होते. आता दुसरी बाजू पण सांगते, थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी वर्षभरात शेवटी ऑपरेशन करून घेतलंच. म्हणून थांबणं म्हणजे हट्ट नाही, पायातली ताकद टिकून असेल आणि दुखणं सोसवत असेल तर थांबायला जागा आहे एवढंच. टाचांवर चालून बघा, चवड्यांवर चालून बघा, दोन्ही जमतंय ना? मग सहा आठवडे तरी द्या. अंथरुणाला मात्र खिळून राहू नका, दोन आठवडे पडून राहिलेले आणि हिंडते-फिरते राहिलेले यांत काही फरक पडत नाही हे १९९९ सालीच दिसलंय, पडून राहून फक्त स्नायू जातात. फॅक्टरीत हलकं काम मागून घ्या आणि बसून-बसून होणारा तो डिचोली-वेर्णा प्रवास, मध्ये उभं राहता आलं तर राहा.

फोंडा, वय ५२ : मला फक्त कंबर दुखते, पायात काही नाही. एमआरआयमध्ये तीन ठिकाणी डिस्क बल्ज आणि डिजनरेशन आलंय. मुलगी रडतेय.

मुलीला सांगा रडू नको. ज्यांना कंबरदुखी नाही अशा लोकांचे फोटो काढले तर विशीतल्या ३० टक्के लोकांत बल्ज सापडतो, ऐंशीच्या माणसांत ८४ टक्के. केस पिकतात तशीच डिस्क पिकते. पायात कळ, मुंग्या, बधिरपणा काही नसेल तर त्या बल्जला दोष देण्यात अर्थ नाही. चाला, व्यायाम सुरू करा, फिल्म कपाटात ठेवा. खरं सांगायचं तर तुमचा एमआरआय इतक्या लवकर काढायची गरजच नव्हती.

पेडणे, वय ४५ : मोटारसायकल टॅक्सीचा पायलट आहे, दिवसभर गाडीवर. एका सेंटरवाल्याने सांगितलंय की मशीनवर ताण देऊन डिस्क परत आत ओढतात, वीस सिटिंगचं पॅकेज, पैसे आधी भरायचे. घेऊ का? आणि बेल्ट?

भाऊ, पैसे आधी भरायचे हे ऐकूनच उठून यायचं. ट्रॅक्शन, म्हणजे कमरेला असा ताण देणं, जुनाच प्रकार, नवीन मशीनला स्क्रीन लावलीय आणि नाव मोठं ठेवलंय. पायाच्या कळांवर ट्रॅक्शनचा खास उपयोग दिसलेला नाही, ब्रिटनची सरकारी गाइडलाइन तर सरळ देऊ नका म्हणते, बेल्ट पण नको, शेक देणारं अल्ट्रासाउंड पण नको. टेबलावर असेपर्यंत काहींना बरं वाटतं, ते खोटं नाही, पण उठलात की वजन परत आलंच ना कमरेवर. आणि वीस सिटिंग होईपर्यंत दोन महिने गेलेले असतात, त्या दोन महिन्यांत तुम्ही तसेही बरे होणार होता, श्रेय मशीनला.

बेल्ट अगदीच लांबचं भाडं असेल तर तासाभरासाठी घाला, सवय लावू नका. तुमच्यासाठी त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे शॉकअप. ते बसलेले असतील तर पावसातल्या खड्ड्यांचा प्रत्येक दणका थेट कमरेत जातो. बदलून घ्या, पॅकेजपेक्षा स्वस्त पडेल. भाडं नसताना गाडीवर बसून राहू नका, स्टँडवर उतरून फेऱ्या मारा. सिगरेट ओढत असाल तर तीही डिस्कच्या मुळावर येते.

मडगाव, वय ४१ : प्रीगॅबालिन (नसेच्या दुखण्यावरची गोळी) चालू आहे, सकाळी चक्कर येते, झोप जात नाही. पायात फरक नाही. बंद करू?

एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून डोस उतरवत न्या. प्रश्न मात्र बरोबर विचारलात. ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या, २०९ पेशंटवर हे औषध आणि साधी खोटी गोळी अशी तुलना झाली, २०१७ सालची गोष्ट, पायाच्या दुखण्यात काही फरक नाही, चक्कर मात्र औषधवाल्यांना जास्त. तरी आपल्याकडे प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर ते असतंच, सवय झालीय लिहायची. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या सुजेवरच्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी, जेवल्यावर, आणि किडनी, अल्सर, बीपी यांचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नाहीच. फार्मसीतून स्वतः आणून महिनाभर खाणारे मी बघते, त्यांची कंबर बरी होते आणि पोट बिघडतं. आणि प्रीगॅबालिन घेऊन संध्याकाळी फेणी घेत असाल तर ते आधी थांबवा, दोन्ही मिळून गुंगी फार वाढते, त्यात स्कूटर चालवायची म्हणजे कठीणच.

म्हापसा, आईसाठी मुलाने विचारलंय, आईचं वय ६१ : आईला डायबिटीस आहे. पाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायला सांगितलंय. घ्यावं का? त्याने मणका कमजोर होतो म्हणतात.

आधी हे बघा की आईचं दुखणं डिस्कचंच आहे ना. या वयात पुष्कळदा मणक्याची नळी अरुंद झालेली असते. ओळखायचं कसं, तर चालताना पाय भरून येतात, खाली बसलं किंवा पुढे वाकलं की लगेच बरं वाटतं, भाजीच्या गाड्यावर रेलून मात्र आरामात चालता येतं. असं असेल तर स्टिरॉइडचा फायदा फारसा नाही, नुसत्या भूल देणाऱ्या औषधाइतकाच.

ताज्या डिस्कमुळे पायात भयंकर कळ असेल, रात्र-रात्र झोप नसेल, तर मात्र इंजेक्शन कामाचं आहे. सुजलेल्या नसेच्या अगदी बाजूला औषध सोडतात, एक्स-रेच्या मशीनखाली बघत आणि आधी डाय टाकून, संध्याकाळी घरी. फोटो न बघता अंदाजाने टोचणार असतील तर नको म्हणा. आराम काही आठवडे, कधी काही महिने टिकतो, कायमचा इलाज तो नाही, पण तेवढ्या वेळात माणूस झोपतो, चालतो, व्यायाम करतो आणि मधल्या काळात डिस्क आटते, हाच त्याचा खरा फायदा. पायाच्या कळेला गुण येतो, नुसत्या कंबरदुखीला नाही.

एकदोन इंजेक्शनांनी मणका ठिसूळ होत नाही, परत परत मात्र घेत बसू नये, वर्षाला तीन-चारच्या वर तर नाहीच. आईची शुगर पुढचे काही दिवस चढेल, ती रोज तपासा आणि औषध कसं वाढवायचं ते आधीच विचारून ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधी सांगायचीच, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. नसेला गंभीर इजा होण्याचे प्रकार फार क्वचित होतात, पण होतात, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०१४ साली तशी ताकीद दिली. इंजेक्शननंतर ताप आला किंवा पाय लुळा वाटला तर थांबू नका.

कुंडई, वय ३३ : औषध कंपनीत आहे. डिस्क विरघळवणारं इंजेक्शन असतं असं वाचलं. खरं का?

खरं आहे. पूर्वी पपईच्या चिकातल्या एन्झाइमचं इंजेक्शन थेट डिस्कमध्ये देत, अमेरिकेत १९८२ साली परवानगी मिळाली, काहींना भयंकर ॲलर्जी आली, काहींच्या नसांना इजा झाली आणि पुढे ते मागे पडलं. जपानमध्ये २०१८ पासून कोंडोलिएज नावाचं दुसरं एन्झाइम वापरतात, निवडक पेशंटना. पपई खाऊन यातलं काही होत नाही, मागे एका काकूंनी महिनाभर खाल्ली, पोट तेवढं साफ झालं.

वाळपई, वय ४७ : आमच्याकडे एकजण पाठीवर पाय देऊन नस बसवतो, पुष्कळांना गुण आलाय. शिवाय यूट्यूबवर व्यायाम बघून करतोय, पण कोणता बरोबर ते कळत नाही.

पाठीवर पाय देणं साफ नको. कोमट तेलाने हलकं चोळणं, शेक, कटिबस्ती, याला माझी ना नाही, स्नायू सैल पडतात, झोप लागते, डिस्क आत जाते असं मात्र कुणी सांगितलं तर मान हलवून सोडून द्या. मानेला हिसका तर कुणालाही देऊ देऊ नका.

व्यायामाचं म्हणाल तर न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओ होते. १९५६ साली त्यांचा एक पेशंट चुकून डोक्याकडून उंच केलेल्या टेबलावर पालथा पडून राहिला, पाठ चांगलीच मागे वाकलेली, सगळे घाबरले, आणि त्याची पायाची कळ गेली होती. तिथून ही पद्धत निघाली. करायचं असं, पालथं झोपा, दोन मिनिटांनी कोपरांवर या, जमलं तर हात सरळ करून छाती उचला, कंबर जमिनीलाच राहू द्या, दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. आता लक्ष कशावर ठेवायचं ते ऐका. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात अशी वर सरकायला लागली तर व्यायाम बरोबर आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. उलट कळ खाली पावलाकडे गेली तर तो व्यायाम तुमचा नाही, थांबा आणि फिजिओला दाखवा. यूट्यूबवाल्याला तुमची कळ कुठे गेली ते दिसत नाही ना. सुरुवातीला पायाची बोटं पकडणं आणि सिटअप्स नकोतच.

काणकोण, वय ३६ : दोन दिवस लघवी नीट होत नाही, स्कूटरच्या सीटवर बसतो ती जागा बधिर वाटते, दोन्ही पाय जड. डिस्कचा त्रास आधीपासून आहे. कोणती गोळी घेऊ?

यांना मी मेल वाचल्या वाचल्या फोन केला आणि थेट गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत जायला सांगितलं. इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी. लघवी अडकणं किंवा कळत न कळत होणं, शौचाचा ताबा जाणं, बैठकीची जागा बधिर होणं, यातलं काहीही झालं तर व्यायाम नाही, गोळी नाही, सकाळची ओपीडी पण नाही, १०८ ला फोन करा. नसांचा अख्खा गुच्छ दाबला गेलेला असतो, इथे ऑपरेशनच लागतं आणि ते तासांच्या हिशेबाने. पाऊल उचलत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते, हे दिसलं तरी त्याच दिवशी दाखवायचं.

बांदोडा, वय ४४ : जूनमध्ये डिस्कचा त्रास झाला, आता ९० टक्के बरं आहे. गणपतीची चवथ आली. फुगडी घालू का? स्वयंपाकघरात पण सगळं माझ्यावरच असतं.

बाय, सगळं तुझ्यावरच असतं हे आधी बदल. आदोळीवर (जमिनीवरच्या विळी-खवणीवर) वाकून बसून नारळ खवणं यंदा दुसऱ्या कुणाला तरी दे, नाहीतर टेबलाला लावायची खवणी आण, नेवऱ्या (करंज्या) पण टेबलावर उभं राहून लाट, अर्ध्या तासाने एक फेरी मार. माटोळीला, गणपतीच्या वर फळं टांगतात त्या चौकटीला, नारळ वर बांधायला घरचे पुरुष आहेत. फुगडी गोल फेर धरून, उभ्याने, बेताने घाल, पायात कळ नसेल तर काही होत नाही. हात धरून मागे झुकून गरगरणारी आणि बसफुगडी मात्र यंदा नको, पुढच्या चवथीला बघू.