उंदीर मेले नाहीत, म्हणून निर्धोक?

प्रश्न : ईश्वरीच्या वेलीचं मूळ आमच्याकडे पोटदुखीवर उगाळून देतात. प्रयोगशाळेत उंदरांना दिलं तर एकही मेला नाही, असं वाचलं. मग रोज थोडं घ्यायला हरकत नाही ना? (जांबोटी, ता. खानापूर)

उत्तर : हरकत आहे. एक दिवसही घेऊ नका, ताई. तुम्ही वाचलंत ती बहुधा तीव्र विषारीपणाची चाचणी. उंदरांच्या तीन-तीन माद्यांना अर्क एकदाच पाजतात, बहुतेक वेळा वजनाच्या किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत, आणि १४ दिवस नजर ठेवतात. प्रयोगशाळेत अशी चाचणी करताना पहिले चार तास मी पिंजऱ्यापासून हलत नसे. केस पिंजारलेत का, चालताना तोल जातोय का, एखादी कोपऱ्यात गप्प बसलीय का. शेवटी यकृत, मूत्रपिंडं काढून बघायची. यातून कळतं ते एवढंच, की एकदा घेतल्यानं जीव जातो का.

ईश्वरीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते थोडं-थोडं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी करत जातं, आणि त्यानं कर्करोग होतो हे सिद्ध झालंय. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन उतरवायच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांची मूत्रपिंडं गेली. गोळीत एका चिनी वनस्पतीच्या जागी ईश्वरीच्याच कुळातली वनस्पती आली होती. कित्येकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. ‘आजी घ्यायची, तिला काही झालं नाही’ असं मला नेहमी सांगतात. पण दहा वर्षांनी किडनी गेली, तर त्या मुळीची आठवण कोणाला होणार? रोज घ्यायच्या औषधाला निदान ९० दिवसांची चाचणी हवी, आणि पेशींतल्या जनुकांना धक्का लागतो का तेही तपासायला हवं.

प्रश्न : चूर्णाच्या डबीवर ‘लॅब टेस्टेड’ आहे. पुरे का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : नाही. कशासाठी तपासलं, ते विचारा. चूर्णात विषारी धातू किती चालतात याच्या मर्यादा आहेत : शिसं १० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत १० भाग), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. त्या बॅचचा अहवाल मागा.

प्रश्न : वैदूंनी दिलेली काविळीची पूड तपासायची आहे. चिमूटभर पाठवू? (निपाणी)

उत्तर : नुसत्या पुडीवरून झाड ओळखणं फार कठीण, आणि झाडच चुकलं तर पुढची सगळी तपासणी वाया. वैदूंबरोबर रानात जा. पानं-फुलांसकट फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा, जागा आणि महिना लिहा. नाव मराठी आणि कन्नड दोन्ही हवं, कारण आपल्या भागात गुळवेलीलाच शेजारच्या घरी अमृतबळ्ळी म्हणतात. फूल नसेल तर बहराची वाट बघा. तोवर ती पूड कुणालाही देऊ नका, आणि काविळीच्या रुग्णाला आजच डॉक्टरांकडे न्या.